हळदीचा डाग आणि पोर्टर पदक



लग्नघरातले हळदीने माखलेले कपडे धुवायला काढले म्हणजे काय होते, ते जरा आठवून पाहा. साबण लागताच पिवळा डाग तांबडालाल होतो आणि नवखी मुलगी घाबरते. घरातली जाणती बाई मात्र शांतपणे म्हणते, "अगं, घाबरू नकोस. खळबळून काढ आणि टाक उन्हात. उन्हाने जाईल डाग." आणि खरोखरच तो जातो. जो डाग दगडावर आपटून निघत नाही, तो दोन दिवस दोरीवर नुसता वाळत पडला की फिका होत होत नाहीसा होतो.

आता एखाद्या चौकस पोराने विचारले, "आई, डाग गेला कुठे?" तर काय उत्तर द्याल? "उन्हाने खाल्ला" असे आपण म्हणू, आणि ते काही अगदीच खोटे नाही. पण पोरगे चिवट असेल तर पुढे विचारील, "खाल्ला म्हणजे काय केले? आधी काय झाले, मग काय झाले?" इथे मात्र आपण गप्प बसतो. मंडळी, या "मधे काय झाले?" एवढ्या एका प्रश्नापायी काही माणसांनी आपली सारी हयात घालवली. अशा माणसांचा गौरव करणारे एक आंतरराष्ट्रीय पदक आहे. त्याचे नाव पोर्टर पदक. हे पदक कशासाठी देतात, ते ज्याच्या नावाने आहे तो पोर्टर कोण, आणि खेड्यात राहणाऱ्या आपल्याला त्याचे काय, एवढ्या तीन गोष्टी आज आपण पाहू.

पहिल्याने एक शंका काढून टाकू. डाग उन्हाने गेला की उन्हाच्या तापाने? ऊन म्हणजे उजेडही आला आणि ऊबही आली. याचा निवाडा घरच्या घरी करता येतो. पांढऱ्या सुती कापडाचा एक तुकडा हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. मग तो उन्हात पसरा आणि त्याच्या अर्ध्या भागावर काळा जाड कागद नाहीतर लोखंडी पत्र्याचा तुकडा ठेवा. पत्रा तर उघड्या कापडापेक्षाही जास्त तापेल. संध्याकाळी उचलून पाहा. एका दिवसात फरक कळला नाही तर दुसरा दिवस जाऊ द्या. जिथे उजेड पडला तिथली हळद फिकी झालेली दिसेल, आणि पत्र्याखाली ताप असूनही तिचा पिवळेपणा टिकलेला दिसेल. म्हणजे काम केले ते तापाने नव्हे, उजेडाने केले.

उजेड पदार्थात जे असे फेरफार घडवून आणतो, त्यांच्या अभ्यासाला प्रकाशरसायनशास्त्र म्हणतात. नाव भारदस्त असले तरी व्यवहार रोजचा आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे चित्र उन्हाच्या बाजूने विटते, ते याच कारणाने. काही औषधे तपकिरी बाटलीतून मिळतात, तीही याच कारणाने. तपकिरी काच उजेडातला जो भाग औषध बिघडवतो तो बराचसा अडवते. नवरात्रात आपण घट बसवतो आणि भोवतालच्या मातीत धान्य पेरतो. दसऱ्याला जे कोंब आपण टोपीत खोवतो ते कसे असतात? फिकट, पिवळसर. तेच धान्य अंगणात पेरले असते तर हिरवेगार झाले असते. देवघराच्या कोपऱ्यात उजेड कमी, म्हणून कोंबात हरितद्रव्य पुरते तयार होत नाही. धान्याच्या रोपाला हरितद्रव्य बनवताना शेवटच्या टप्प्यांपैकी एका टप्प्यावर उजेडाचाच हात लागतो, त्यावाचून गाडी पुढे सरकत नाही. तेव्हा घटातला पिवळा कोंब म्हणजे आपल्या घरातला प्रकाशरसायनाचा एक धडाच आहे.

या शास्त्राचे दोन नियम मनात ठेवले की पुढची गोष्ट सोपी जाईल.

पहिला नियम असा की, जो उजेड पदार्थ पिऊन घेतो तोच काम करतो. वरून निसटून गेलेला किंवा आरपार गेलेला उजेड कामाचा नाही. कातळावरून वाहून गेलेल्या पावसाने पीक येत नाही, मुरलेल्या पावसाने येते, तसेच हे. हळद पिवळी दिसते याचा अर्थच हा की, उजेडातला निळा-जांभळा भाग ती पिऊन घेते आणि उरलेला परत पाठवते. म्हणून हळदीचा रंग उडवण्याचे काम निळा-जांभळा उजेड करतो. तांबडा उजेड कितीही टाका, हळद त्याला दाद देत नाही.

दुसरा नियम थोडा नवलाचा आहे. उजेड सलग पाण्यासारखा वाहत असला तरी देवघेव करताना तो सुट्या दाण्यांसारखा वागतो. हा विचार आइन्स्टाइनने 1905 साली मांडला. तांबड्या उजेडाचे दाणे कमी जोराचे, जांभळ्याचे जास्त जोराचे. साधारणपणे एक दाणा एका रेणूला लागतो आणि त्याच्यात फरक करतो. रेणू म्हणजे पदार्थाचा अगदी बारीक कण. कवठाच्या झाडावर मूठमूठ वाळू भिरकावली तर एकही कवठ पडत नाही, पण नेमका एक धोंडा लागला तर पडते. वाळूचे वजन एकूण जास्त भरले तरी उपयोग नाही. एका माऱ्यात पुरेसा जोर हवा. म्हणूनच मंद जांभळा उजेड जे करतो ते कधी कधी भगभगीत तांबड्या उजेडाला जमत नाही.

इथपर्यंतची गोष्ट शास्त्रज्ञांना विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत बरीचशी कळली होती. आधी काय होते ते ठाऊक, शेवटी काय उरले तेही ठाऊक. अडचण होती ती मधल्या घटकेची. उजेडाचा दाणा लागताच रेणू खवळतो, कधी फुटतो, त्याचे तुकडे इकडेतिकडे धावतात, दुसऱ्याला चिकटतात, आणि हे सारे डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी आटोपलेले असते. तमाशा संपल्यावर रिकाम्या मैदानात पोचलेल्या माणसाने वग कसा रंगला ते कसे सांगावे? अशी शास्त्रज्ञांची गत होती.

आता जॉर्ज पोर्टरकडे वळू.

पोर्टरचा जन्म 6 डिसेंबर 1920 रोजी इंग्लंडमध्ये यॉर्कशायर भागातल्या स्टेनफोर्थ नावाच्या लहानशा गावी झाला. बाप घरे बांधण्याचा धंदा करणारा. पोराला रसायनाचा नाद लागला आणि त्याचे प्रयोग घरात सुरू झाले. घरात धूर आणि वास नको म्हणून असेल, किंवा पोराचे कौतुक म्हणून असेल, बापाने एक जुनी मोडीत निघालेली बस विकत घेतली आणि आवारात उभी करून सांगितले, ही तुझी प्रयोगशाळा. मंडळी, ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो. पुढे ज्याला जगातला सर्वांत मोठा मान मिळाला, त्याची पहिली प्रयोगशाळा म्हणजे भंगारातली बस होती. मोठी इमारत असली तरच शास्त्र शिकता येते असे ज्यांना वाटते, त्यांनी ही बस ध्यानात ठेवावी.

पोर्टर लीड्सच्या विद्यापीठातून 1941 साली पदवीधर झाला. तेव्हा दुसरे महायुद्ध पेटलेले होते. त्याला आरमारात रडारचे काम मिळाले. रडार म्हणजे काय? अदृश्य लहरींचा एक अगदी छोटा ठोका बाहेर सोडायचा आणि तो कशावर आपटून परत किती वेळाने येतो ते मोजायचे. डोंगरासमोर "ओ" दिली की प्रतिसाद येतो, त्यातलाच प्रकार. फक्त इथे सेकंदाच्या बारीक बारीक अंशांचा हिशेब. छोटे ठोके कसे द्यावेत आणि थोडका वेळ कसा मोजावा, ही विद्या पोर्टर युद्धात शिकला. 1945 साली युद्ध संपले आणि तो केंब्रिज विद्यापीठात रोनाल्ड नॉरिश या प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधनाला लागला.

नॉरिश हे प्रकाशरसायनातले जाणते गुरू. उजेडाने फुटलेल्या रेणूंचे अल्पायुषी तुकडे पकडावेत असा त्यांचा खटाटोप चालला होता. त्यासाठी सैन्याकडून एक मोठा शोधदीप मिळवला होता आणि त्याला वीज पुरवायला डिझेलचे इंजिन जोडले होते. पण एवढा प्रखर दिवा लावूनही तुकडे पुरेसे साचत नव्हते. गळक्या घागरीत पाणी भरावे तसे चालले होते. जेवढे तुकडे होत तेवढे लगेच एकमेकांना चिकटून नाहीसे होत.

1947 साली एके दिवशी नॉरिशनी पोर्टरला प्रेस्टन गावच्या सीमेन्सच्या दिव्यांच्या कारखान्यात पाऱ्याचा एक दिवा आणायला पाठवले. तिथे पोर्टरने झगझगाटी दिवे तयार होताना पाहिले. फोटो काढताना जो लख्खकन चमकतो तो दिवा आपण पाहिलेला आहेच, त्याच जातीचे हे दिवे. आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. दिवा सतत लावायचाच कशाला? सगळा उजेड एकाच ठोक्यात द्यावा! रडारमध्ये ठोका देतात, तसाच इथे उजेडाचा ठोका.

याची युक्ती समजून घ्यायला तुम्ही अमावास्येच्या रात्री पावसात बाहेर पडला आहात अशी कल्पना करा. मिट्ट काळोख आहे. समोरून बैलगाडी पळत येते आहे, नुसता घुंगरांचा आवाज येतो. एवढ्यात वीज चमकते. त्या एका क्षणात काय दिसते? बैलाचा पाय उचललेला आहे, तसाच अधांतरी. चाक भरधाव फिरते आहे, पण त्याचा एकेक आरा वेगळा मोजावा इतका स्थिर. चाक थांबले म्हणून आरे दिसतात असे नव्हे; वीज इतका थोडा वेळ चमकली की तेवढ्यात चाकाला हलायला सवडच मिळाली नाही. पळती गोष्ट पाहायची तर तिच्यापेक्षा छोटी चमक हवी, हे तत्त्व इथे आले.

पोर्टर आणि नॉरिश यांनी एक नव्हे, दोन चमका योजल्या. त्यासाठी दुसरा दाखला घेऊ. जोंधळ्याच्या शेतात पाखरांचा थवा शांत बसला आहे. माळ्यावरून राखणदार गोफणीतून एक धोंडा भिरकावतो. थवा फडफडत उठतो. ही झाली पहिली चमक, म्हणजे रेणूंना उठवणारी. धोंडा सुटल्याबरोबर एक पळभराने विजेचा लखलखाट व्हावा आणि पाखरे त्या वेळी कुठे कशी आहेत त्याचा फोटो निघावा, ही झाली दुसरी चमक, म्हणजे पाहणारी. दुसऱ्या खेपेला धोंडा तसाच मारायचा, पण फोटो थोडा उशिरा काढायचा. तिसऱ्या खेपेला आणखी उशिरा. असे शंभर फोटो ओळीने लावले म्हणजे बोलपटाच्या फितीप्रमाणे थवा उठला कसा, फिरला कसा, परत बसला कसा, ते सारे उलगडते.

प्रयोगशाळेत शेताच्या जागी काचेसारख्या स्फटिकाची लांब नळी होती आणि पाखरांच्या जागी वायू. पहिली चमक प्रचंड लागे, म्हणून विजेची साठवण करावी लागे. मोटेचे पाणी थारोळ्यात हळूहळू साठवावे आणि मग दार एकदम उघडून धो धो सोडावे, तशी वीज साठवून ती एका क्षणात दिव्यातून सोडत. दुसरी चमक लहान. ती नळीतून आरपार जाई आणि तिच्या उजेडाचे रंग वेगळे करून त्याचा फोटो घेतला जाई. पदार्थ कोणकोणत्या रंगाचा उजेड पितो यावरून तो ओळखता येतो. पावतीवर जसा अंगठ्याचा ठसा, तसा हा पदार्थाचा ठसा. त्याला वर्णपट म्हणतात. तो पाहिला की नळीत त्या क्षणाला कोण हजर होते ते कळते, मग तो सेकंदाच्या हजाराव्या भागापुरताच जिवंत का असेना.

नॉरिश आणि पोर्टर यांनी या पद्धतीची माहिती 1949 साली प्रसिद्ध केली. आपण तिला क्षणदीप्तीची पद्धत म्हणू. सुरुवातीला तिने सेकंदाच्या हजाराव्या भागातल्या घडामोडी दिसू लागल्या, मग दहा लाखाव्या भागातल्या. पुढे लेसर नावाचा अतिशय शिस्तीचा उजेड हाती आला, आणि पोर्टर व त्याचे सहकारी सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत व त्याच्याही पलीकडे पोचले.

1967 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अतिशय जलद रासायनिक क्रियांच्या अभ्यासाबद्दल देण्यात आले. त्यातला अर्धा भाग जर्मनीच्या मॅन्फ्रेड आयगेन यांना आणि उरलेला अर्धा नॉरिश व पोर्टर या गुरुशिष्यांना मिळून. आयगेन यांची रीत वेगळी होती. ते समतोल झालेल्या द्रावणाला एक हलका धक्का देत आणि ते पुन्हा समतोलावर कसे येते ते मोजत. रीती दोन, पण प्रश्न एकच: मधे काय झाले?

आता तुम्ही म्हणाल, "ठीक आहे, क्षणभर जगणारे तुकडे पाहिले. पण त्याने आमचा काय फायदा?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या डोक्यावर आहे, अक्षरशः डोक्यावर, आभाळात.

केंब्रिजच्या त्या नळीत पोर्टरने 1950 च्या सुमारास क्लोरीन आणि ऑक्सिजन हे दोन वायू एकत्र भरून त्यांवर चमक सोडली. तेव्हा क्लोरीनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू असा एक जोड क्षणभर दिसला आणि नाहीसा झाला. बाटलीत भरून ठेवता येणार नाही असला हा उपटसुंभ पदार्थ. त्याचा पुढेमागे कुणाला उपयोग होईल असे तेव्हा कुणाला वाटले असते तर नवलच.

पण जमिनीपासून साधारण 15 ते 35 किलोमीटर उंचीवर ओझोन नावाच्या वायूचा पट्टा आहे. सूर्याच्या उजेडात जांभळ्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा जो जळजळीत भाग असतो, तो बहुतेक सगळा हा ओझोन वरच्या वर पिऊन टाकतो. तो खाली आला तर कातडीचे रोग होतात, डोळ्यांत मोतीबिंदू वाढतात आणि पिकांनाही इजा होते. दिवसभर उघड्या रानात राबणाऱ्या माणसाला त्याची झळ पहिली लागणार. थंड कपाटांत आणि फवाऱ्याच्या डब्यांत त्या काळी क्लोरीन असलेले काही वायू वापरत. ते निरुपद्रवी समजले जात. 1974 साली अमेरिकेत मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी दाखवून दिले की, हे वायू न बिघडता वर चढतात, तिथल्या कडक उजेडाने फुटतात आणि त्यांतला क्लोरीन सुटा होतो. तो ओझोनमधला ऑक्सिजनचा एक अणू ओढून घेतो. मग तयार काय होते? तोच जोड, जो पोर्टरच्या नळीत क्षणभर चमकला होता! पुढे तो जोडही मोडतो आणि क्लोरीन पुन्हा मोकळा, पुढच्या ओझोनच्या मागे. चरकात ऊस पिळला जातो, चरक मात्र तसाच राहतो आणि पुढचा ऊस मागतो. क्लोरीन हा असा चरक. त्याचा एक अणू ओझोनच्या लाखभर रेणूंचा फडशा पाडू शकतो.

1985 साली दक्षिण ध्रुवावर ओझोन फार विरळ झाल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केले. 1987 साली कॅनडातल्या माँट्रियल शहरी राष्ट्रांनी करार केला आणि असे वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. आपला देश त्या करारात 1992 साली सामील झाला. या घातक वायूंपैकी मुख्य वायूंचे उत्पादन 2010 सालापर्यंत जगभर थांबवण्यात आले, आणि ओझोनचा पट्टा आता हळूहळू भरून येण्याच्या वाटेवर आहे. मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुट्झेन यांना या कामाबद्दल 1995 सालचे नोबेल मिळाले. विचार करा मंडळी. वरच्या हवेत काय चालले आहे हे ओळखता आले, कारण त्या क्षणभंगुर जोडाचा ठसा कुणीतरी आधीच नोंदवून ठेवला होता. चोर पकडायचा तर त्याच्या बोटांचे ठसे दप्तरी असावे लागतात. ते ठसे कुणी ठेवले? ज्यांना कुणी "याचा उपयोग काय?" म्हणून विचारत होते, त्यांनीच.

आता पदकाकडे येऊ. पोर्टर पदक हे या जॉर्ज पोर्टरच्या नावाने दिले जाते. ते एक वर्षाआड दिले जाते, आणि ते कुणा एका देशाचे सरकार देत नाही. युरोपातली, अमेरिका खंडांतली आणि आशिया व ओशनिया भागातली अशा प्रकाशरसायनाच्या तीन संस्था मिळून ते देतात. उजेडाने घडणाऱ्या रासायनिक क्रियांच्या ज्ञानात, विशेषतः त्यांच्या भौतिक बाजूच्या ज्ञानात, ज्याने मोठी भर घातली त्याला हे पदक मिळते. भौतिक बाजू म्हणजे काय? उजेडाचा दाणा लागला, रेणूत जोर आला, तो जोर कुठून कुठे गेला, किती वेळात गेला, त्याचे पुढे काय झाले, असा चोख हिशेब. नवे औषध किंवा नवा रंग बनवला म्हणून हे पदक नाही. कळत नव्हते ते कळू लागले म्हणून आहे. गावच्या कुस्तीत आपण फेटा बांधतो तो चितपट करणाऱ्याला. इथे गौरव होतो तो डाव उलगडून दाखवणाऱ्याचा.

हा हिशेब पुढे किती बारीक झाला ते पाहा. इजिप्त देशात जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले अहमद झेवेल यांनी लेसरच्या इतक्या छोट्या चमका वापरल्या की, रेणूतले अणू एकमेकांपासून सुटताना जणू प्रत्यक्ष दिसले. सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग करा. त्यांतला एक भाग ज्या मापाने मोजतात, त्या मापात त्यांच्या चमका होत्या. तो भाग आणि एक सेकंद यांचे जे नाते, तेच एक सेकंद आणि सुमारे तीन कोटी वर्षे यांचे आहे. झेवेल यांना 1999 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचीही रीत मुळात पोर्टरचीच: एक चमक उठवणारी, दुसरी पाहणारी. आपल्याकडेही मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात लेसरच्या क्षणदीप्तीने रेणूंचा असा अभ्यास होत आला आहे.

पण पोर्टरचे मन शेवटी गुंतले ते एका साध्या गोष्टीत, झाडाच्या पानात. पान उजेड पिते, पाणी फोडते, त्यातला ऑक्सिजन हवेत सोडते आणि हवेतल्या कर्बवायूपासून साखर बनवते. जोंधळ्याचा दाणा, उसाचा रस, बैलाचा कडबा, चुलीतले सरपण, सगळे त्यातूनच आले. या कारखान्याला भोंगा नाही, धूर नाही. पानातल्या हरितद्रव्याला उजेडाचा दाणा लागतो आणि त्याचा जोर एका रेणूकडून दुसऱ्याकडे हातोहात पोचवला जातो. विहीर उपसताना माणसांची रांग लावून घागर या हातातून त्या हातात देतात ना, तसा. मात्र हा खेळ सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत होतो, म्हणून तो पाहायला क्षणदीप्तीच हवी. पोर्टरने पुढची अनेक वर्षे या कामाला दिली. माणसाला पानासारखे उन्हातून थेट इंधन काढता यावे, हा त्यामागचा हेतू. आजही जगातल्या अनेक प्रयोगशाळा त्या मागे आहेत, आणि आजही पानाइतके स्वस्त व टिकाऊ यंत्र माणसाला साधलेले नाही. ते गणित अजून फळ्यावर तसेच आहे. ते सोडवणारे मूल कदाचित आज तुमच्याच वर्गात मागच्या बाकावर बसलेले असेल.

शिक्षक बंधुभगिनींसाठी आणखी एक गोष्ट. पोर्टर नुसता संशोधक नव्हता, फर्डा शिकवणारा होता. 1966 ते 1985 पर्यंत तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचा प्रमुख होता. मायकेल फॅरडेच्या पुढाकाराने 1825 साली तिथे मुलांसाठी नाताळच्या व्याख्यानांची प्रथा सुरू झाली. 1976 साली पोर्टरने ही व्याख्याने दिली, आणि विषय निवडला सूर्याच्या एका किरणाची जन्मकथा. नोबेल मिळवलेला माणूस पोरासोरांपुढे उभा राहून प्रयोग करून दाखवतो, यात त्याला कमीपणा वाटला नाही. पुढे तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला, लॉर्ड झाला. 31 ऑगस्ट 2002 रोजी तो वारला.

तेव्हा गुरुजी, बाई, तुम्हीही एक करा. हळदीच्या कापडाचा प्रयोग वर सांगितलाच आहे. पानाचा प्रयोगही कुंडीतल्या रोपावर करा. रोप दोन दिवस अंधाऱ्या खोलीत ठेवा, म्हणजे पानातली साठलेली पिठूळ साखर, जिला आपण स्टार्च म्हणतो, संपून जाईल. मग एका पानाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून रोप दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी ते पान तोडून उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवा. नंतर चूल किंवा शेगडी पुरती विझवून दूर करा आणि गरम पाण्याच्या भांड्यात स्पिरिटची वाटी ठेवून तिच्यात पान सोडा. स्पिरिट जाळाजवळ मुळीच नेऊ नका, आणि हे काम मुलांच्या हाती न देता स्वतः करा. हिरवा रंग उतरला की पान धुऊन त्यावर पातळ केलेले आयोडीन टाका. उजेड लागलेला भाग निळाकाळा होईल, झाकलेला भाग तसा होणार नाही. मग मुलांना लगेच उत्तर सांगू नका. आधी एकच प्रश्न विचारा, "सकाळी हे नव्हते, संध्याकाळी आले. मधे काय झाले?" उत्तर चुकले तरी चालेल. प्रश्न मुलांच्या मनात बसला म्हणजे पावले.

मोठी पदके दूर कुठे तरी मोठ्या सभागृहात दिली जातात. पण ती ज्या प्रश्नासाठी दिली जातात तो प्रश्न आपल्या परसात, दोरीवरच्या कपड्यात आणि घटातल्या कोंबात रोज उभा असतो. यापुढे हळदीचे कापड उन्हात टाकाल तेव्हा त्याच्याकडे घटकाभर पाहा, आणि शेजारी उभ्या असलेल्या पोराने "डाग गेला कुठे?" असे विचारले तर त्याला गप्प करू नका.